खंड्या, मनी आणि निपाणीचा रस्ता

२०२५ च्या मार्चमध्ये आम्ही बेळगाव सोडून इंदूरला आलो. आम्ही म्हणजे मी, सौ., ८३ वर्षांची आई, खंड्या नावाचा मुधोळ कुत्रा आणि मनी नावाची मांजर. मुलगी-जावई इंदूरला नोकरीला. मी बँकेतून निवृत्त झालो, गुडघे आईचेही दुखतात आणि सौ.चेही, तेव्हा "आता इकडंच या" हा मुलीचा हट्ट आम्ही चार वर्षांनी मान्य केला. टिळकवाडीतलं भाड्याचं घर ३१ मार्चपर्यंत रिकामं करायचं ठरलं.

सामानाची काळजी नव्हती. सामानाला दोरी बांधता येते. प्रश्न होता तो या दोघांचा. अंतर साडेनऊशे किलोमीटरच्या आसपास. मनी उभ्या आयुष्यात आमच्या गल्लीच्या तिसऱ्या कौलाच्या पलीकडं गेलेली नाही आणि खंड्याला मोटारीत घातलं की तो पाचव्या मिनिटाला ओकतो.

खंड्याबद्दल थोडं सांगायला हवं. मुधोळ हे आता बागलकोट जिल्ह्यातलं गाव, पूर्वीचं घोरपड्यांचं संस्थान. तिथल्या मालोजीराव घोरपड्यांनी ही शिकारी जात नावारूपाला आणली. आपल्याकडं याच कुत्र्यांना कारवान म्हणतात. उंच, सडपातळ, पोट आत गेलेलं. पाहुण्यांना वाटतं की आम्ही त्याला जेवायला घालत नाही. २००५ साली पोस्टानं देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात मुधोळही होता. आमच्या खंड्याला अर्थात तिकिटाचं सोयरसुतक नाही. मुधोळजवळच्या एका शेतकऱ्याकडून आणलं तेव्हा तो दोन महिन्यांचा होता, आता नऊ वर्षांचा आहे. त्या घरी कानडी बोलत, त्यामुळं "बा इल्ली" म्हटलं की तो येतो आणि "कुंद्र" म्हटलं की बसतो. बाकीचं सगळं त्याला मराठीत कळतं. सीमाप्रश्न त्यानं आपल्यापुरता सोडवलेला आहे.

आता कबूल करतो. सुरुवातीला मी त्याला नेणारच नव्हतो. खानापूरच्या बाजूला माझ्या चुलत भावाची शेती आहे. मोकळं रान, घरी चार माणसं. नऊ वर्षांचं जनावर, उन्हाळा तोंडावर, शिवाय तिकडं फ्लॅट. भावानं होकारही दिला होता. मनीचं शेजारच्या काकूंकडं ठरलं होतं. एका रात्री जेवताना मी हे सगळं अगदी हिशेब मांडल्यासारखं सांगितलं. सौ. काही बोलली नाही. आईनं ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "मोतीचं ठाऊक आहे का तुला?"

मोती आमचा निपाणीचा कुत्रा. माझं बालपण निपाणीत गेलं. वडील एका तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. मार्च-एप्रिल १९८१ मध्ये तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी निपाणीजवळ पुणे-बंगलोर महामार्ग रोखला होता. हजारो माणसं रस्त्यावरच राहत होती, त्या वस्तीला आंदोलननगर म्हणत. ६ एप्रिलला पोलिसांनी ते उठवलं, गोळीबार झाला, शेतकरी मेले. गावावर कितीतरी दिवस एक कळा होती. त्याच जूनमध्ये मालकांनी वडलांना बेळगावच्या पेढीवर पाठवलं. माझी एस.एस.एल.सी. नुकतीच झाली होती. वखारीच्याच ट्रकमध्ये सामान चढलं, आणि मोतीला शेजाऱ्यांकडं ठेवलं. मला सांगितलं होतं, की ते लोक त्याला सांभाळतील, दिवाळीला भेटायला जाऊ. पुढं मला सांगण्यात आलं, की तो तिकडं मजेत आहे. मी सोळा वर्षांचा होतो. मला ते खरं मानायचं होतं, मी मानलं.

आईनं ४४ वर्षांनी सांगितलं ते वेगळं होतं. मोती ट्रकच्या मागून गावाबाहेरपर्यंत धावला होता. मी पुढं केबिनमध्ये बसलो होतो, मला दिसलं नाही. ती मागं सामानात बसली होती, तिला दिसलं. दिवाळीत वडील कामासाठी निपाणीला गेले तेव्हा शेजारीण म्हणाली, की तो पावसाळाभर आमच्या बंद घराच्या पायरीवर बसून होता. भाकरी टाकली तर कधी खायचा, कधी नाही. गणपतीनंतर कुणाला दिसला नाही. "तुझे वडील त्या रात्री जेवले नाहीत," आई म्हणाली. "मला म्हणाले, पोराला सांगू नको. मी नाही सांगितलं." एवढं बोलून तिनं ताट परत पुढं ओढलं आणि ताकभात खाल्ला.

दुसऱ्या दिवशी मी खानापूरला फोन करून नको म्हणून कळवलं.

मग चौकश्या सुरू झाल्या. विमान विचारात घेतलं नाही, पंचवीस किलोच्या कुत्र्याला मालाच्या कप्प्यात घालायची हिंमत झाली नाही. रेल्वेचा नियम असा, की कुत्रा सोबत हवा असेल तर एसी फर्स्टमधला दोघांचा कूपे किंवा चौघांची केबिन पूर्ण आपल्या नावावर घ्यायची. टू टियर, थ्री टियर किंवा स्लीपरमध्ये त्याला नेता येत नाही. नाहीतर पार्सल ऑफिसात बुकिंग करून गार्डच्या डब्यातल्या पिंजऱ्यात ठेवायचं. शिवाय आम्हाला पुण्याला गाडी बदलावी लागली असती. खंड्या एका पिंजऱ्यात, मनी टोपलीत आणि आई व्हीलचेअरवर, असं पुणे स्टेशन डोळ्यांपुढं आणलं आणि ठरवलं, आपली मोटार बरी. सामान ट्रकनं, माणसं आणि जनावरं मोटारीनं, दोन मुक्काम करत.

आमचे जनावरांचे डॉक्टर शांत गृहस्थ. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. रेबीजची लस आणि जंतांचं औषध वेळेत उरकून कार्ड हाताशी ठेवा. प्रवासाला योग्य असल्याचा दाखला निघायच्या दोन-चार दिवस आधी न्या, महिनाभर आधी नेलेल्या दाखल्याला अर्थ नाही. आणि झोपेची गोळी मनानं देऊ नका, म्हातारं जनावर आहे, गुंगीत त्याला श्वासाचा त्रास झाला तर तुम्हाला कळणारही नाही. "मग ओकाऱ्यांचं काय?" मी विचारलं. ते म्हणाले, "सवय लावा. अजून दोन महिने आहेत की."

तर अशी ती रविवारची वारी सुरू झाली. जो रस्ता आयुष्यभर मी एसटीच्या खिडकीतून पेंगत पाहिला, तो या कुत्र्याच्या पोटाच्या हिशेबानं टप्प्याटप्प्यानं पाहायला मिळाला.

पहिल्या रविवारी मोटार अंगणात, इंजिन बंद, दारं उघडी. आत त्याची गोधडी आणि गोधडीवर एक उकडलेलं अंडं. अंडं खाऊन तो उतरला. दिवसातून चार वेळा हाच कार्यक्रम केला, शेजारी गेटपाशी उभे राहून बघायचे. दुसऱ्या रविवारी काकतीपर्यंत गेलो. काकती म्हणजे कित्तूरच्या राणी चन्नम्मांचं जन्मगाव, बेळगावच्या वेशीवरच. तिथवर खंड्या नीट आला, येताना ओकला. तिसऱ्या रविवारी वंटमुरीचा घाट. घाट कसला, दोन-चार वळणांची चढण, पण पहिल्याच वळणावर सगळं बाहेर. चौथ्या रविवारी पुन्हा वंटमुरीच. या वेळी डॉक्टरांच्या सांगण्यावरून सकाळपासून खायला दिलं नव्हतं, फक्त थोडं पाणी. समोरच्या दोन्ही काचा चार बोटं उघड्या ठेवल्या आणि सौ. मागं त्याच्याजवळ बसली. घाट चढलो, उतरलो, हत्तरगीच्या टोलनाक्यापर्यंत गेलो. काही झालं नाही. नाक्याजवळ गाडी थांबवून आम्ही दोघांनी चहा घेतला तेव्हा बँकेचा ताळेबंद जुळल्यावर वाटायचं तसं वाटलं.

एक गोष्ट तिथंच शिकलो. मुधोळ हा नजरेनं शिकार करणारा कुत्रा. लांब शेतात ससा किंवा मांजर हललेलं दिसलं की तो आपला राहत नाही, मग हाका मारून उपयोग नाही. दार उघडायच्या आधी पट्टा हातात हवा. हत्तरगीला तो एका बकरीसाठी सुटता सुटता राहिला, माझी करंगळी अजून वाकडी आहे.

पाचव्या रविवारी, म्हणजे २३ फेब्रुवारीला, संकेश्वर. हिरण्यकेशीच्या काठचं हे गाव, इथून गडहिंग्लज-आंबोलीकडं रस्ता फुटतो. त्याच आठवड्यात बेळगावात बसमधल्या भाषेच्या वादावरून मारहाण झाली होती आणि बघता बघता दोन्ही राज्यांच्या एसट्या सीमेवर थांबल्या. एरवी दर पाच मिनिटांनी दिसणारी महाराष्ट्राची एसटी त्या दिवशी रस्त्यावर जवळपास नव्हतीच. संकेश्वरच्या स्टँडबाहेर कोल्हापूरला जाणारी माणसं पिशव्या घेऊन वडापची वाट बघत उभी होती. आम्हा सीमाभागातल्यांना हे नवीन नाही. १९५६ पासून कधी बस थांबते, कधी पाटी काळी होते, मग पुन्हा चालू. आपण नुसतं ट्रकवाल्याला फोन करून विचारायचं, की बाबा, तुझी गाडी कुठल्या पासिंगची. आमचा ट्रक केए-२२, म्हणजे बेळगावचा. तो म्हणाला, "साहेब, तोवर निवळेल." तेही खरंच असतं.

२ मार्चला निपाणी. आई म्हणाली, "मी येते." तिला पुढं बसवलं. संकेश्वर गेलं, कणगला गेलं, तवंदी घाट उतरताना उजव्या-डाव्या बाजूला स्तवनिधीचा डोंगर आला. त्या जैन क्षेत्राला आमच्याकडं सगळे तवनिधीच म्हणतात. लहानपणी शाळेची सहल कायम तिथंच जायची. खंड्या मागं गोधडीवर आडवा पडला होता. पाऊणशे किलोमीटर झाले आणि त्याला काही झालं नाही.

निपाणीचा वास आला. पूर्वीएवढा नाही, पण तंबाखूच्या वखारींवरून वारं आलं की अजून घशात खवखवतं. गल्ली सापडायला वेळ लागला. आमच्या घराच्या जागी खाली मोबाईलचं दुकान, वर दोन मजले. रविवार म्हणून शटर बंद. मात्र जुनी दगडी पायरी तशीच होती, तिच्यावर सिमेंटचा एक थर चढवलेला. आई गाडीतून उतरली नाही. काच खाली करून बघत राहिली. मी खंड्याला खाली उतरवलं. त्यानं पायरी हुंगली, डावीकडून हुंगली, उजवीकडून हुंगली, आणि निवांत पाय वर केला. आई हसली. डोळे पुसत हसली. म्हणाली, "चल आता."

परतताना घाटाच्या अलीकडं एका कापणी झालेल्या शेतात धनगरांचा वाडा उतरलेला दिसला. म्हणजे चार-पाच कुटुंबं, दीडेकशे काळी दख्खनी मेंढरं, तीन घोडी, जाळ्यांची वाघर. कागल भागातले हे लोक दरवर्षी मेंढरं घेऊन बेळगावकडं येतात, पावसाच्या तोंडावर फिरतात. शेतकऱ्याच्या रानात रात्री मेंढरं बसवायची, लेंडीखत त्याचं, बदल्यात धान्य किंवा पैसे. आख्खा संसार घोड्याच्या पाठीवर. मी गाडी थांबवली ती केवळ खंड्याला पाय मोकळे करायला, आणि तीही लांब, कारण मेंढरं. पण त्यांचीच दोन कुत्री भुंकत आली, मागून एक म्हातारा आला आणि बोलणं निघालं.

"कुठं निघालासा?"

सांगितलं सगळं. इंदूर म्हटल्यावर त्याला काही विशेष वाटलं नाही. कुत्रं आणि मांजर नेतोय म्हटल्यावर मात्र त्यानं गाडीत वाकून बघितलं. मी विचारलं, तुम्ही दर आठ-पंधरा दिवसांनी घर हलवता, कोंबड्या, पिल्लं, कोकरं, कुत्री, एवढं सगळं कसं जमवता? तो म्हणाला, "कोंबड्या आदल्या रातीलाच धरायच्या. पहाटं सामान बांधाय घेतलं की एक बी घावत न्हाई." मग कुत्र्यांचं? त्यानं वाघरीशेजारी पडलेल्या एका फाटक्या घोंगड्याकडं बोट दाखवलं. ते कधी धूत नाहीत. जिथं मुक्काम असेल तिथं पहिल्यांदा ते टाकायचं. कुत्री येऊन त्यावर बसली की बाईमाणूस चूल मांडतं.

मी घरी येऊन सौ.ला सांगितलं, गोधडी धुवायची नाही. तिनं ती धुवायला भिजवली होती. काढली, तशीच वाळवली. वासाचं काय झालं कोण जाणे, पण पुढचे तीन आठवडे खंड्या तिच्यावरच झोपला, त्यामुळं तो परत आला असावा.

शेवटचे दिवस सगळ्यांचेच सारखे असतात, त्यावर जास्त लिहीत नाही. गॅसचं कनेक्शन जमा करून कागद घ्यायचा, मोटारीला आरटीओचं ना-हरकत पत्र, कारण वर्षाच्या वर दुसऱ्या राज्यात गाडी ठेवायची तर तिथला नंबर घ्यावा लागतो. एका कचेरीत एकाच सहीसाठी चार खेपा झाल्या, पण ते दुःख वाचकांनीही भोगलेलं असणार. जनावर असलेल्या घरात एक वेगळी अडचण येते. खोकी दिसायला लागली की त्यांना कळतं. मनी रिकाम्या कपाटात जाऊन बसायला लागली आणि खंड्या माझ्या चपलेवर हनुवटी ठेवून झोपायला लागला. आम्ही खोकी एकाच खोलीत भरली, दार बंद ठेवलं, आणि त्यांची भांडी, गोधडी, मनीची टोपली शेवटपर्यंत जागची हलवली नाही.

ट्रक २२ मार्चचा ठरला होता. त्याच दिवशी कर्नाटक बंदची हाक आली, त्याच बसच्या भांडणावरून. मग २४ तारीख, सोमवार. डॉक्टरांकडून दाखला २० ला घेतलेला होता, तो चालत होता. २३ च्या रात्री मनीला दूधभात घालून न्हाणीघरात कोंडलं, टोपलीसकट. रात्रभर तिनं धनगराच्या नावानं आणि माझ्या नावानं आकांत केला. पण पहाटे चारला हमाल आले, दारं उघडी पडली, आणि ती जागेवर होती. हे केलं नसतं तर ती तिसऱ्या कौलावर असती आणि आम्ही आजही बेळगावात असतो.

खंड्याला ट्रक दिसला. तो सामान चढताना बघत होता, आणि एका क्षणी जाऊन फाटकापाशी उभा राहिला, शेपूट पोटाखाली. आई खुर्चीवरून उठली, काठी टेकत त्याच्याजवळ गेली, पट्टा स्वतःच्या हातात घेतला आणि मोटारीत आधी त्याला बसवलं, मग स्वतः बसली. मागच्या सीटवर. पुढची सीट मोकळी होती, गुडघे दुखतात, सगळं सांगून झालं. ऐकलं नाही. इंदूरपर्यंत ती मागंच बसली.

कोगनोळीचा नाका आला तेव्हा मी लसीचं कार्ड, दाखला, ना-हरकत पत्र सगळी फाईल मांडीवर घेतली. कोविडच्या काळात इथं आरटीपीसीआरचा कागद नसला की माघारी फिरावं लागायचं. त्या दिवशी टोलच्या पट्टीनं फास्टॅग वाचला, दांडी वर गेली, आणि आम्ही दूधगंगा ओलांडून कागलकडं निघालो. दाखला कुणीच मागितला नाही. पुढं सहापदरीकरणाचं खोदकाम, धूळ, वळणं. खंड्या साताऱ्यापर्यंत झोपला. पहिला मुक्काम पुण्यात नातेवाइकांकडं, दुसरा धुळ्याला. तिथं लॉज आधी फोनवर विचारून ठरवला होता, सहा जणांनी कुत्रा म्हटल्यावर फोन ठेवला, सातवा म्हणाला, "आमच्याकडं पण आहे, आणा." दर मुक्कामाला सामान नंतर, गोधडी आधी. तिसऱ्या दिवशी दुपारी खलघाटाला नर्मदा ओलांडली. आईनं पुलावरून पैसा टाकला आणि खंड्याच्या वतीनं दुसरा.

इंदुरात मनीला आम्ही एका खोलीत ठेवलं. ती चार दिवस पलंगाखाली होती, रात्री खायची. गुढीपाडव्याच्या सकाळी गुढी उभारून आत आलो तर ती बाहेर, खंड्याच्या गोधडीवर. त्याला जागा उरली नव्हती, तो शेजारी फरशीवर.

एप्रिलमध्ये बातमी वाचली. कागल तालुक्यातल्या यमगे गावचा बिरदेव डोणे हा मेंढपाळाचा मुलगा यूपीएससीत ५५१ वा आला, आणि निकाल कळला तेव्हा तो घरच्यांबरोबर बेळगावच्या बाजूला मेंढरांमागं होता. फोटोत मागं तीच काळी मेंढरं. आईनं वर्तमानपत्र डोळ्यांजवळ धरून विचारलं, "तो घोंगडंवाला म्हातारा यांच्यातलाच का रे?" नसावा. मी म्हटलं, असेल.

खंड्या रुळलाय. फक्त खालच्या मजल्यावरचा मुलगा "बैठ, बैठ" म्हणतो तेव्हा तो त्याच्याकडं नुसता बघतो. आईनं त्या मुलाला "कुंद्र" शिकवलंय. तो "कुंदर" म्हणतो. खंड्या थोडा विचार करतो आणि बसतो.